ओलं वजन

विश्वामित्रीच्या काठावर माझं काम ट्रक मोजण्याचं.
काळा घोडा पुलाच्या जरा खाली
पत्र्याचं टेबल, पावतीपुस्तक, कार्बन,
आणि समोर नदी. म्हणजे नदी असायला हवी ती जागा.
आत्ता तिथे जांभळं आहे.

जांभळं म्हणजे किती?
कंत्राटदार धनसुखभाईंच्या हिशेबात चारशे ऐंशी टन.
ओलं वजन.
पैसे ओल्या वजनाचे मिळतात,
म्हणून ते पाणी निथळू देत नाहीत,
आणि मी पावतीवर नदीचंच पाणी
जलपर्णी म्हणून लिहिते.

सकाळी आठला दातांचं मशीन आत शिरतं.
शनाभाई पुढे टोकाला, हातात बांबू.
आधी तो पानांवर तीनदा ठोकतो,
दारावर थाप द्यावी तसं.
खाली मगर असते.
"ऊठो, बापा," म्हणतो.
उठते किंवा नाही उठत.
एकदा फुलांतूनच दोन डोळे वर आले,
कपाळावर पाकळी चिकटलेली,
टिकली लावून कुठेतरी निघाल्यासारखी.
अर्धा तास काम बंद.
धनसुखभाईसुद्धा ओरडले नाहीत.

जवळून पाहिलंय हे फूल?
सहा पाकळ्या. पाच साध्या,
धुऊन धुऊन फिकटलेल्या साडीच्या रंगाच्या.
सहाव्या, वरच्या पाकळीवर निळा डाग,
निळ्यात एक पिवळा थेंब.
मोरपीस आठवतं, पण नंतर.
आधी नुसतं बघणं होतं
आणि ट्रकचा आकडा चुकतो.

मला सगळं माहीत आहे.
हिच्याखाली मासे गुदमरतात, डास वाढतात.
पुरात हीच कमानीत अडकून बसली,
आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी,
लग्नाचे फोटो अजून एकमेकांना चिकटलेले,
सोडवायला गेलं तर चेहरे निघतात.

तरी एकोणिसाव्या ट्रकमधून
एक रोप उपसून घरी नेलं,
डब्याच्या रिकाम्या पिशवीत, मुळांसकट.
जिन्यात कोकिळाबेन भेटल्या.
"आ फूल भगवानने चडे?"
विचारून सांगते, म्हटलं.
कुणाला विचारणार होते?

संध्याकाळी फुलाने मान टाकली. एका दिवसाचंच असतं.
रोप मात्र बादलीत राहिलं.
चौथ्या दिवशी शेजारी एक पोर.
मग पोराला पोर.
पंधराव्या दिवशी बादलीत पाणी दिसेना,
नवरा काही बोलला नाही,
आंघोळीला शेजारची बादली मागून आणली.

शेवटी मीच उपसलं.
गच्चीवर उन्हात पसरलं. गटारात नाही टाकायचं,
नियम मला पाठ आहेत.
आठवड्याने पाहिलं तर
सगळं मिळून एका मुठीत मावलं.
मूठ किती वेळ मिटून ठेवली, माहीत नाही.

आज पुन्हा ट्रक नंबर एक.
मागच्या फळीतून पाणी गळतंय.
शनाभाईने बांबू उचललाय.
एकदा.
दोनदा.
तिसरी थाप पडायच्या आधीच
मधलं जांभळं जरासं हललं.