शब्दाला पैसे पडतात

ब्यूफर्टच्या गोदामात शाळा भरते, कापसाच्या रिकाम्या गोण्यांवर.
मी पंचावन्नची असेन, नाहीतर साठ.
जन्म मालकाच्या वहीत होता
आणि वही जळली.

मिस ऑर्फा पाटीवर लिहितात : मुक्ती.
मी गिरवते. हात धुण्याचा,
खडू मोडतो.

पळून छावणीत आलो त्या वर्षी
सरकारी कागदावर आम्हाला म्हणत : जप्तीचा माल.
खेचरं, दोन तोफा, मिठाची पिंपं,
आणि मी.
माल तर माल. माल परत करत नाहीत, एवढं कळलं होतं.
त्या शब्दाच्या आडोशाला मी दोन हिवाळे काढले.

युनियन म्हणजे निळे डगले.
रक्त गार पाण्यानंच निघतं, गरम पाण्यानं मुरतं.
हा अर्थ त्यांच्या पुस्तकात नाही.

जाहीरनामा वाचला तेव्हा लोक रडले.
मी ओकच्या झाडाखाली उभी होते,
लक्ष सगळं भाजत्या बैलावर;
पोटात आदल्या दुपारपासून काही नव्हतं.
रडू नंतर आलं, भांडी घासताना.

करार म्हणजे तोच मळा, तोच मुकादम,
आणि खाली माझ्या हातची फुली.

आज मात्र मी शिकायला आले नाही, बाई.
साठ सेंट आणलेत.
चर्चच्या वर्तमानपत्रात शब्दाला पैसे पडतात म्हणे,
तर मोजून लिहा.

माझी मुलगी झिल्फा. नऊ वर्षांची.
सव्हानाच्या बाजारात विकली, पंधरा वर्षं झाली.
डाव्या कानामागे भाजल्याचा डाग.

‘मुक्ती मिळाल्यावर’ असं सुरुवातीला घालू का, विचारतात.
खोडा. महाग आहे,
आणि त्यावरून तिची ओळख पटणार नाही.

कुणाची होती, ते मात्र घालावं लागेल.
मालकाच्या नावावरूनच माग लागतो, सगळे तसंच करतात.
चार वर्षं जे नाव मी जिभेवर येऊ दिलं नाही
ते सांगते. आधी त्याचं. मग ज्यानं घेतली त्याचं.
दोन्ही नावं लांबलचक.
बारा सेंट गेले.

उरल्यात तिचं घरातलं नाव घाला.
कूबा.
बुधवारची म्हणून. माझ्या आईनं कानात सांगितलेलं,
वहीत नव्हतं.

बाईंची लेखणी थांबते.
याचं स्पेलिंग कसं करायचं?

मला काय ठाऊक, बाई.
हे अजून कुणी लिहिलेलंच नाही.