माळेची कावीळ

वसमतच्या मोंढ्यात, हळदीचा लिलाव उरकल्यावर
त्याच शेडमध्ये रक्तदानाच्या खाटा मांडल्या.
झाडलं कितीही तरी चुरा उरतोच,
दुपारपर्यंत चादरींच्या कडा पिवळ्या.

मी इथला मापाडी.
पोत्यात ओल किती, मूठ घालून सांगतो.
शेजारच्या सय्यदांच्या नाझनीनला
दर तीन आठवड्याला एक पिशवी चढते,
म्हणून पहिल्यांदाच बाही सारून रांगेत लागलो.

अर्जावर बारीक अक्षरात :
कावीळ झाली होती का?
'नाही'वर खूण करायला कितीसा वेळ.
मागून दस्तगीर हमाल म्हणाला,
मापाडी, हलवा की रांग.

मी 'हो' लिहिलं.

डॉक्टरीणबाई पोरगेल्याच. म्हणाल्या, कोणती?
ए नाहीतर ई असेल तर
बरं झाल्यावर वर्षभर थांबून देता येतं.
बी, सी असेल तर कधीच नाही.

बाई, मी अकरा वर्षांचा होतो.
हंगाम होता, घरात सगळेच पिवळे,
मी जास्त पिवळा आहे हे आठ दिवस
कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
मग आईनं कुरुंद्याला नेलं.
एकानं गळ्यात काड्यांची माळ घातली,
ती रोज बोटभर लांबायची.
बेंबीखाली आली तेव्हा आई म्हणाली, उतरली.
माळ विहिरीत सोडली.
तिच्यावर कुठलंच अक्षर नव्हतं.

'कोणती ते माहीत नसेल,' बाई हळू म्हणाल्या,
'तर नाहीच घेता येत.'
आता तपासा की.
'तपासू. पण ते तुमच्यासाठी.'
करंगळीएवढी नळी भरून घेतली.
लालच होतं. मी नीट पाहिलं.

जन्मभर लोकांचा माल बाजूला काढला.
असं बाजूला ठेवलेलं पोतं
काय विचार करत असेल, ते आज कळलं.

दस्तगीरला सुईचं भ्या.
त्याची टोपी हातात धरून खाटेशी थांबलो.
पिशवीखाली एक डुलता काटा होता.
माझी नजर काही केल्या हटेना.
साडेतीनशेला थांबला.

सांजच्याला नाझनीन ओट्यावर बसलेली.
तिच्या डोळ्यांतली पिवळी झाक
मोंढ्याची नाही.
काका, दिलं का तुम्ही?
दस्तगीरनं दिलं, म्हणालो.
भरलं का पुरतं?
भरलं. काट्यावर मी होतो.