डेडस्टॉक

उदगीरच्या शाळेत चार्ज घेताना
रजिस्टरात नोंद : दुर्बीण एक, पेटीसह.

पेटी होती.
किनवटचा साग, पितळी कडी,
झाकणावर खिळ्यानं उर्दूत कोरलेलं : नाजूक.

आत विटकी हिरवी मखमल.
नळीची लांब खाच, भिंगाची गोल,
आणि एक चौकोनी, कशाची ते कळेना.
बोट घालून पाहिलं.

शिपाई गुंडेराव म्हणाले,
खलील मास्तर सायकलला बांधून न्यायचे की,
हत्तीबेटावर, पोरांना शनी दाखवायला.
दुर्बीण कुठं गेली, काय म्हाईत.
अन् ही खाच सुपारीच्या डबीची.
सुताराकडून मागनं करून घेतली त्यांनी.

वाकून वास घेतला.
खरंच.

मग नवी ओळ आखली :
पेटी एक.
चालू स्थितीत.