मूळ देश

सोहार बंदरामागे, सहा नंबरच्या गोदामात
सतरा वर्षं मी एकच रकाना भरते आहे:
मूळ देश.

माल कुठून आला, हे विचारायचं नाही.
माल कुठला, हे विचारायचं.
झडपेचं पितळ एका देशाचं, आटे दुसरीकडे पाडलेले,
रबरी चकती तिसरीकडची, खोका शिनासच्या कारखान्यातला,
आणि रकाना माझ्या करंगळीएवढा.

योरिस अँटवर्पचा, वेंडेल ओहायोचा.
पेढी एक, पाटी एक, कॉफीचं यंत्र एक.
भिंतीवर दोघांच्या आजोबांचा फोटो:
बर्फात रुतलेला रणगाडा, त्याला टेकलेली दोन पोरं
एकच पाव मोडून खाताहेत.
पाव कुणी आणला होता, यावर दर डिसेंबरात
दोघांची पैज लागायची. हरणारा खजूर आणायचा.
गेल्या डिसेंबरात कुणीच विषय काढला नाही.

जकात आली ती गुरुवारी,
सुट्टी लागायला तासभर असताना.
मग तिला उत्तर म्हणून दुसरी.
मग पहिली मागे घेतली. मग परत लावली, आकडा बदलून.
मी पेन्सिलीने लिहायला लागले.
खोडरबराचा भुगा की-बोर्डात साचला
आणि शून्याची कळ अडकायला लागली.

वेंडेल म्हणाला, तुझ्या झडपेत चीन आहे.
योरिस म्हणाला, तुझ्या खिशातल्या फोनमध्ये काय आहे?
मग दोघं आपापल्या राजधान्यांसारखे बोलायला लागले,
म्हणजे एकमेकांशी नाहीच,
माझ्यामार्फत.

मिस ताओ मंगळवारी येते.
भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया कागदात बांधून माझ्यापुढे ठेवते
आणि आवाज न चढवता एवढंच विचारते,
शेजारची जागा कधी मोकळी होतेय?

वाटणी करायला रसूल मापारी आला.
मूळचा हर्णैचा. (बघा, तोंडात बसलाय शब्द.)
त्याने टेपने खोली मोजली: बावीस फूट आठ इंच.
अकरा-चार इकडे, अकरा-चार तिकडे.
खिडकी योरिसकडे गेली, एसी वेंडेलकडे.
कॉफीचं यंत्र या बाजूला, त्याचा नळ त्या बाजूला.
माझं टेबल बरोबर रेघेवर.
प्लायवूडच्या पाठीवर शिक्का होता.
मी वाचला. बोलले नाही.

मापारी कोकणी लहेजात हळूच म्हणाला,
ताई, आमच्याकडे बांध रात्री सरकतो,
वीतभर, वीतभर.
सकाळी उठून दोघं भाऊ शपथेवर सांगतात
की तो आजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे.

फोटो कुणी घ्यायचा, ते ठरेना.
फ्रेम उतरवली तर मागचा पुठ्ठा सुटून माझ्या हातात आला.
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात लिहिलेलं:
पाव गिरणीवाल्या बाईचा.
तिला नाव विचारलं नाही. पैसे द्यायचे राहिले.

मी पुठ्ठा परत बसवला.
सांगितलं असतं, तर दोघंही हरले असते
आणि खजूर कुणी आणायचे, हा नवा तंटा.
की सांगायला हवं होतं?
अजून ठरलेलं नाही माझं.

संध्याकाळी बाहेर दमट वाफ, क्रेनचे दिवे,
कुठल्या तरी झेंड्याखाली, कुठल्या तरी मालकाचं,
तिसऱ्याच देशाच्या खलाशांनी आणलेलं जहाज
धक्क्याला लागायची वाट बघत उभं.

मापारीने अवजारं गोळा केली.
मधल्या दोन फळ्या त्याने नुसत्या टेकवल्या होत्या,
स्क्रू न मारता.
मी बोट दाखवलं.
तो म्हणाला, बिल पूर्ण भिंतीचंच लावलंय.
या दोन मी दर वेळी अशाच ठेवतो.

उद्या सकाळी चाळीस पेट्या आहेत.
पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.