उजवं पण असंच आहे

कळंब्याच्या गेटवर रोज माझी पिशवी उलटी करतात:
मेणाचा खडा, वादीचा गुंडा, चष्मा,
डब्यात भाकरी आणि खर्डा.
खर्ड्याकडं शिपाई जरा जास्त वेळ बघतो.
मग आत, पेटीतनं आऱ्या मोजून मिळतात. बारा.
साडेचारला बाराच परत द्यायच्या.
एक जरी कमी भरली
तर चटया झटकतात, खिसे उलटतात,
आणि सगळे माझ्याकडं बघतात,
मीच गिळल्यागत.

सुभाषनगरात, आमच्या घरात,
आऱ्या कधी कुणी मोजल्या नाहीत.
एक तर वर्षभर खाटेखाली पडून होती,
शेवटी नवऱ्याच्या टाचेलाच सापडली.

मी वेणी शिकवते. पट्ट्यावरची, बारीक वाद्यांची.
पुरुषाच्या बोटाला वेणी वळत नाही
असं आमच्यात म्हणतात.
आमच्यात बरंच काही म्हणतात.

भैरू चंदगडकडचा.
त्यानं काय केलं, मी विचारलं नाही.
एकदा सांगायला तोंड उघडलं त्यानं,
मी म्हटलं, आधी वादी ओली कर.
केली. परत काही बोलला नाही,
दोन महिने.
मग एक दिवस, मान खाली घालून:
'बाई, धा वर्साच्या पोरीचं माप किती असतंय?'
म्हटलं, पोर तुझी, पाऊल बघितलं नाहीस?
'मुलाखतीच्या जाळीतनं छातीच्या वरचंच दिसतंय.
आत आलो तवा चार वर्साची.
तोंड बघितलंय की. पाय न्हाई.'

तीस वर्षं मी माणसाचं आधी पाऊल बघत आले,
तोंड मागनं, पैसे देताना.

दिवाळीत पत्र आलं.
चौकडीच्या वहीचं पान,
पेन्सिलीनं गिरवलेलं डावं पाऊल.
करंगळीपाशी रेघ हललेली,
तिथं गुदगुल्या झाल्या असणार.
टाचेवर ऑफिसचा गोल शिक्का: तपासले.
आणि खाली तिच्या अक्षरात,
उजवं पण असंच आहे.

भैरूनं ते पान वितीनं मोजलं, मग बोटांनी,
मग शिक्का थुंकी लावून पुसून बघितला.
शाई पक्की होती.

संक्रांत झाल्यावर त्यानं जोड पुढं ठेवला.
तळ घोटलेला, कान बेताचे, लाल गोंडा,
वेणी तर माझ्यापेक्षा घट्ट.
दोन्ही डावी.

आधी इलाही हसला, मग अख्खी शेड,
शिपाई तोंड फिरवून हसला.
भैरू तेवढा हसला नाही.
'तिनंच लिवलंय न्हवं,' म्हणाला, 'असंच हाय म्हणून?'

मी त्याला खिडकीपाशी नेलं.
म्हटलं, पान उलटं धर, उजेडाकडं.
कागदाच्या मागनं उजवं पाऊल आलं,
अंगठा अलीकडचा पलीकडं,
शिक्क्याची अक्षरं उलटी, वाचता येईनात.
तो तसाच धरून उभा राहिला.
हात दुखले असतील.
मी म्हटलं, आता काप, अर्धं बोट वाढवून.
कागदावरचं पाऊल दिवाळीतलं आहे.

त्या दिवशी साडेचारला
आऱ्या अकरा भरल्या.
चटया झटकल्या. खिसे उलटले.
शिपायानं सगळ्यांना भिंतीला उभं केलं,
आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.
भैरू पण. पण त्याची नजर
माझ्या तोंडावर नव्हती, जरा वर होती.
'बाई,' म्हणाला, 'अंबाड्यात.'

माल विक्रीलाच जातो, असा नियम.
गेटबाहेरच्या दुकानात तो जोड
त्याच्या बायकोनं पावती फाडून घेतला म्हणे.
बसला का, अजून कळलं नाही.
उरलेलं एक डावं माझ्याकडं आहे,
नव्या पोरांना वेणी दाखवायला.