एकावन्न डाव

सार्डिनचा हंगाम सरला की लेओन्सिओ यायचा
गालिसियाच्या आमच्या त्या टोकाच्या बंदरात.
खलाशांच्या खिशात पैसे असत
आणि हातांना काम नसे, नेमका तेव्हा.
ओब्दुलियाच्या गुत्त्यात खिडकीपाशी बसून
टोपी उताणी ठेवायचा, तीन पानं दाखवायचा:
एक दोन्हीकडून लाल,
एक दोन्हीकडून निळं,
एक इकडून लाल, तिकडून निळं.
राजा नाही, घोडेस्वार नाही, हातचलाखी तर नाहीच.
"डोळे मीट, तूच काढ.
टेबलावर ठेव. खालची बाजू बघायची नाही कुणी."

वर लाल आलं की म्हणायचा,
"म्हणजे निळं-निळं हे नव्हे. उरली दोन.
लाल-लाल, नाहीतर लाल-निळं. बरोबर?
निम्मं-निम्मं.
मी म्हणतो, खालीही लालच.
पेसेताला पेसेता."

बाबा मान डोलवायचे. सगळेच डोलवायचे.
इतकं सरळ बोलणाऱ्याशी वाद कसा घालणार?
त्या हिवाळ्यात बाबांचे बूट गेले,
मग माझ्या कोटासाठी ठेवलेले पैसे,
मग मनगटावरचं घड्याळ, जे तसंही बंद होतं.
"नशीब," बाबा म्हणाले.

आई जाळं सांधत होती. गाठ मारून
तिने ते उलटं केलं, मागून पाहिलं,
पुन्हा सुलटं केलं.
मग उठून बिस्किटांचा पुठ्ठा कापला,
बिटाचा रस घेतला, कपड्यांची नीळ घेतली.

चार रात्री ती पानं काढत होती
आणि मी भिंतीवर कोळशाने रेघा मारत होते.
वर-खाली एकच रंग: रेघांचं रान.
वेगवेगळा रंग: त्याच्या जेमतेम निम्मं.
मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं.

"पानं मोजू नकोस गं, बाजू मोज," आई म्हणाली.
"लाल बाजू किती? तीन.
त्यातल्या दोन एकाच पानावर,
पाठीला पाठ लावून बसल्यात.
तिसरी तेवढी एकटी."
आणि हातावरचं बीट पुसत हसली,
"दुतोंडी पान बिचारं आपल्या बाजूचं.
आतबाहेर सारखं असणारंच बुडवतं."

रविवारी ती गुत्त्यात शिरली.
सगळ्यांना वाटलं, आता दोरिन्दा टोपी उधळणार,
चोर म्हणणार, केस धरणार.
ती खुर्ची ओढून बसली.
"जिंकलास तर एक घे.
हरलास तर दोन दे."

लेओन्सिओ तिच्याकडे बघत राहिला.
एवढा वेळ त्याला गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.
"अशा खेळात मला काय मिळणार?" तो म्हणाला.
"तेच मला बघायचंय," आई म्हणाली.
गुत्ता बघत होता. त्याने टोपी पुढे सरकवली.

दहा डावांपर्यंत माणसं खांद्यावरून वाकून बघत होती.
विसाव्याला दोघं डॉमिनोकडे गेले.
तिसाव्याला ओब्दुलियाने खुर्च्या उलट्या करायला घेतल्या.
चोख हिशेबाचा खेळ बघायला
कुणाला गंमत वाटत नाही, हे मी त्या रात्री शिकले.
शिंपल्यांच्या भावाची पाटी पुसून
मी एकटीच मांडत होते:
एकावन्न डाव. पस्तीस त्याचे, सोळा आईचे.
त्याने बत्तीस दिले, तिने पस्तीस.
आईने वरचे तीन पेसेता त्याच्या हातावर ठेवले, नीट,
दूधवाल्याचे द्यावेत तसे.

पुढच्या हिवाळ्यात तो आला, सुया-दोरे विकत.
टोपी डोक्यावरून उतरली नाही.

पण त्या रात्री घरी बाबा जागे होते.
"जिंकलीस?"
"तीन पेसेता हरले."
बाबा मोठ्याने हसले. "मग कशाला गं एवढं बिटाचं सोंग?"
आईने ओले मोजे काढले, चुलीपाशी वाळत घातले.
"हे तीन पेसेता," ती म्हणाली, "हे नशीब.
तुझं घड्याळ गेलं त्याला नशीब म्हणू नकोस."

बाबा काही बोलले नाहीत.
बराच वेळ मनगट चोळत राहिले,
घड्याळाच्या जागी राहिलेला
पांढरा पट्टा.