उगम

ऑइल संपचं पॅकिंग तिघांनी बदललं होतं.
तरी रोज सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग.

सारडा सर्कलला हारून कोकणी म्हणाले,
पाणी रामकुंडात दिसतं,
म्हणून काय रामकुंडातलं असतं?

रॉकेलने इंजिन धुतलं, पुसलं, वाळू दिलं,
नातीच्या डब्यातली पावडर
चौसष्टच्या फियाटला अंगभर झटकली.
सातपूरपर्यंत जाऊन या.

आलो. पांढऱ्यावर एकच ओली रेघ.
खालून वर बोटाने चढत गेलो,
पंख्याच्या वाऱ्याने तिला मागे रेटलेलं,
थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात:
कॉर्क चिरडलेलं,
तिथला नट कोणीतरी फार आवळलेला.

कोणीतरी.
अण्णा गाडी विकायचं म्हणाले
त्या रात्री, दात खाऊन, मीच.

हारूनभाईंनी काही विचारलं नाही.
पाना तेवढा माझ्याकडे सरकवला.